पुढच्या हंगामाचा शब्द

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून चार दिवस झाले. त्याच रात्री उत्तर लिहिले होते, पण सकाळी वाचून पाहिले तर त्यात नुसता धीर भरलेला होता, म्हणून ते फाडून टाकले. धीर देणारे तुझ्याभोवती सध्या पुष्कळ असतील. तुझा प्रश्न वेगळा आहे: गोदामातला हंगाम संपून सात आठवडे झाले, अकरा ठिकाणी अर्ज गेले, दोन ठिकाणी मुलाखती झाल्या, आणि अडते कुठे हेच उमगत नाही. मी चार हंगाम हॉटेलच्या रिसेप्शनवर काढले आणि चारही वेळा हंगाम संपताच रिकाम्या हातांनी परतलो, तेव्हा या एका विषयात तरी तुझ्यापेक्षा जास्त ठेचा मी खाल्ल्या आहेत.

तू पत्रात दोनदा ‘मला काढले’ असे लिहिले आहेस. तुला कोणी काढलेले नाही. ठरलेल्या मुदतीचे काम ठरलेल्या तारखेला पुरे झाले. हा शब्दांचा कीस वाटेल, पण मुलाखतीत ‘काढले’ हा शब्द ज्याच्या तोंडून निघतो त्याला पुढचा प्रश्न ‘का काढले?’ हाच येतो, आणि मग उरलेली मुलाखत स्वतःचा बचाव करण्यात जाते. पहिल्या वर्षी माझे असेच झाले होते.

त्या पहिल्या हंगामाचा शेवटचा दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. सकाळी शेवटचे पाहुणे गेले, दुपारी खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी चढल्या आणि मी काउंटरमागच्या फळ्यावरच्या ४२ चाव्या मोजायला घेतल्या. एक कमी भरली. तासभर शोधाशोध झाली आणि शेवटी ती माझ्याच कोटाच्या खिशात निघाली. संध्याकाळी आम्ही ३८ जण एकदमच फाटकाबाहेर उभे होतो, आणि आपली खरी अडचण मला तिथेच दिसायला हवी होती. एरवी एखादा माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याची जागा मागे उरते आणि ती कोणाला तरी मिळते. हंगाम संपतो तेव्हा माणसांबरोबर जागाही नाहीशा होतात, आणि एकाच गावात, एकाच आठवड्यात, एकसारखाच अनुभव असलेली तीन डझन माणसे उरलेल्या चार-दोन जागांच्या मागे लागतात. तुझ्या अकरा अर्जांपैकी नऊ तुझ्या गोदामाच्या आसपासच्याच ठिकाणी गेले आहेत, हे तूच लिहिले आहेस. तुझ्या पाळीतल्या इतरांचे अर्जही तिथेच पडलेले असणार. (गंमत अशी की अनेक देशांत बेरोजगारीचे मासिक आकडे छापताना हंगामी चढउतार गणिताने वजा करतात, म्हणजे मूळ कल स्पष्ट दिसतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण वजा होतात ती माणसे तू आणि मी.)

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र लिहितो आहे तिच्याकडे येतो. तुझ्या पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावे तसे, एक वाक्य आहे: ‘सुपरवायझर म्हणाले आहेत की पुढच्या हंगामात तुझे नाव पहिले.’ माझ्या मते तुझे अडते ते इथे. हा शब्द खोटा असतो असे मी म्हणत नाही. पुष्कळदा तो मनापासून दिलेला असतो आणि पुष्कळदा पाळलाही जातो. पण तो मिळाला की माणूस अर्धाच काम शोधतो. अर्ज करतो, पण ज्या कामात वर्ष-दोन वर्षे मन घालावे लागेल त्याकडे वळत नाही; चार-पाच महिने ढकलता येतील असेच काहीतरी पाहतो; आणि असे काम देणाऱ्यालाही समोरचा माणूस एक पाय बाहेर ठेवून बसला आहे हे लगेच कळते.

दुसऱ्या वर्षी मी नेमके हेच केले. हंगाम संपल्यावर तिसऱ्या आठवड्यात मला एका मालवाहतूक कचेरीत कारकुनाची कायम जागा मिळत होती. पगार हंगामापेक्षा कमी होता, आणि हॉटेलच्या व्यवस्थापकाने पुढच्या वर्षी बढती देऊन बोलावतो असे सांगितले होते. मी ती जागा नाकारली आणि सात महिने किरकोळ कामांवर काढले. हंगाम तोंडावर आला तरी निरोप येईना, तेव्हा स्वतः फोन केला. व्यवस्थापक बदलला होता, माणसे पुरवण्याचे काम नव्या ठेकेदाराकडे गेले होते आणि त्याच्या यादीत माझे नावच नव्हते. खटपट करून आत शिरलो, पण पहिल्या वर्षाच्याच पगारावर. कोणी फसवले असे म्हणायलाही जागा नव्हती, कारण शब्द देणारा माणूसच तिथे राहिला नव्हता.

पुढे कळले की यात माझे काही नवल नव्हते. लॉरेन्स कॅट्झ आणि ब्रूस मेयर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९९० साली बेरोजगार भत्ता घेणाऱ्यांचा अभ्यास मांडला. त्यांत जुना मालक परत बोलावील अशी अपेक्षा धरणारे, प्रत्यक्षात बोलावले गेले त्यांच्यापेक्षा बरेच जास्त होते; आणि ज्यांना ही अपेक्षा होती पण बोलावणे आले नाही, ते बराच काळ बेकार राहिले. आशा ठेवण्यात चूक नाही, पण तिची किंमत आठवड्यांत मोजावी लागते.

म्हणून तुला माझे सांगणे असे की या आठवड्यातच सुपरवायझरांना भेट आणि तीन गोष्टी विचार: हंगाम साधारण कोणत्या तारखेला सुरू होईल, माणसे कोण नेमणार, आणि तुला बोलावणार असे दोन ओळींत लिहून मिळेल का. बहुधा लिहून मिळणार नाही. न मिळाल्यास रागावू नकोस. त्यांच्या हातात तेवढे नसते, आणि पुष्कळ वेळा सुपरवायझर स्वतःही हंगामीच असतो. पण मग तो शब्द बाजूला ठेवून काम शोध. हंगाम आला आणि बोलावणे आलेच, तर त्या वेळी हातात जे काम असेल त्याच्याशी ताडून पाहता येईल. ‘हंगाम सुरू झाला की जाल ना?’ हा प्रश्न तुला मुलाखतीत येणारच. मला आला तेव्हा मी ‘नाही’ म्हणालो, पण क्षणभर थांबून म्हणालो, आणि समोरच्याने माझ्या उत्तरापेक्षा ते थांबणेच ऐकले. त्याचेही चुकत नव्हते. माणूस शिकवून तयार करायचा आणि तो चार महिन्यांनी जायचा, हे कोणाला परवडेल? तेव्हा काय ते मुलाखतीआधी घरीच ठरव.

जुन्या पगाराची एक वेगळीच अडचण आहे. हंगामात ओव्हरटाइम धरून महिन्याचा आकडा चांगला दिसतो, आणि ‘आधी किती मिळत होते?’ या प्रश्नावर आपण तोच सांगतो. ऐकणारा म्हणतो, मग आमचे तुम्हाला परवडणार नाही. ॲडम स्मिथने १७७६ सालीच गवंड्याचे उदाहरण देऊन हे उलगडले आहे: कडक थंडीत आणि वाईट हवेत गवंड्याचे काम बंद असते, म्हणून कामाच्या दिवसांत त्याला मिळणाऱ्या मजुरीतून रिकाम्या दिवसांचे पोट तर भरले पाहिजेच, शिवाय त्या अनिश्चिततेत होणाऱ्या घालमेलीची भरपाईही व्हायला हवी. तुझ्या हंगामी पगारातला काही भाग असा आधीच या सात आठवड्यांसाठी होता. सगळ्या हंगामाचा मिळून पगार बाराने भागून बघ, आणि समोर आलेल्या कायम कामाच्या महिन्याच्या पगाराशी तो आकडा ताड. मुलाखतीत मूळ पगार सांग, ओव्हरटाइम वेगळा सांग.

सात आठवड्यांच्या खंडाची तू फार धास्ती घेतली आहेस. ती अगदीच निराधार नाही. क्रॉफ्ट, लांग आणि नोटोविडिग्डो या तिघांनी अमेरिकेतल्या १०० शहरांत काल्पनिक उमेदवारांचे अर्ज पाठवून पाहिले होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बेकारीचा काळ वाढेल तशी मुलाखतीची बोलावणी कमी होत गेली आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतली होती. पण त्यातच असेही दिसले की जिथे एकूणच कामे कमी होती तिथे या खंडाचा फटका कमी बसला. यावरून मी काढलेला अर्थ असा, की मालकाला खंडाचे कारण बाहेर दिसत असेल तर तो माणसाला दोष देत नाही. हंगाम ज्यांना ठाऊक आहे त्यांना तुझा खंड समजतो. दूरच्या शहरातल्या माणसाला तो समजणार नाही, म्हणून बायोडेटात स्पष्ट लिही: ‘हंगामी नियुक्ती, मुदत पूर्ण’, आणि दोन्ही तारखा घाल.

बायोडेटाचे निघालेच आहे म्हणून सांगतो, तुझा बायोडेटा वाचून मला राग आला. पाच महिन्यांच्या कामाची तिथे एकच ओळ आहे: ‘मदतनीस (तात्पुरता)’. आणि त्याच पाकिटातल्या पत्रात तू गुडघे दुखण्याची तक्रार करताना लिहितोस की शेवटच्या महिन्यात चार नवी पोरे तुझ्या हाताखाली दिली होती, बारकोडचे यंत्र बिघडले की पाळीतले सगळे तुलाच हाक मारत, आणि एका रात्री चुकीच्या मार्गावर निघालेला अख्खा गाडीभर माल पिनकोड वाचून तू परत फिरवलास. मित्रा, हा अनुभव गुडघ्यांच्या परिच्छेदात कशाला? गर्दीच्या पाच महिन्यांत तू जेवढा माल हाताळलास तेवढा काही ठिकाणच्या कायम माणसांनी वर्षभरातही पाहिला नसेल. एका पाळीत किती पार्सले जात, किती चुका निघत, किती माणसे तुझ्याकडे होती, हे आकडे आठवतात तोवर लिहून काढ. तीन महिन्यांनी आठवणार नाहीत.

आणि अनुभवाचे प्रमाणपत्र आजच माग. तिसऱ्या वर्षी मी ते दोन महिन्यांनी मागायला गेलो, तेव्हा कचेरीला कुलूप होते आणि माझी हजेरी ज्या वहीत होती ती कोणाकडे आहे हे सांगायलाही कोणी नव्हते. एका अख्ख्या हंगामाचा माझ्याकडे आज एकही कागद नाही.

ओळखीच्या माणसांना सांगून काही होत नाही, असे तू लिहितोस. तू कोणाला सांगितलेस ते पाहा: सगळे तुझ्या पाळीतले. ते तुझ्याइतकेच रिकामे आहेत आणि तुला कळते तेवढेच त्यांनाही कळते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांविषयी लिहिले, तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची त्या ओळखीच्या माणसाशी कधीमधीच भेट होत असे, असे आढळले होते. दूरच्या माणसाला दूरच्या बातम्या असतात. मला कायमची नोकरी लागली ती अशीच. हॉटेलात आठवड्यातून दोनदा चादरी धुऊन आणणारा एक माणूस यायचा. चार वर्षांत आमचे बोलणे चादरींच्या संख्येपलीकडे फारसे गेले नव्हते. चौथा हंगाम संपताना मी त्याला सहज म्हणालो की आता काम शोधतो आहे. तो म्हणाला, मी एका रुग्णालयाच्याही चादरी धुतो, तिथे नोंदणीच्या खिडकीवर माणूस हवा आहे. तुझ्या गोदामात मालगाड्यांचे चालक येत, पट्ट्यांची यंत्रे दुरुस्त करणारे येत, खोकी पुरवणारे येत. ते रोज चार वेगवेगळ्या गोदामांत जातात. त्यांचे नंबर तुझ्या फोनमध्ये अजून असतील.

दिवस सरत नाही आणि हातून काही होतही नाही, असे तू लिहिलेस, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली गिरणी बंद पडल्यावर तिथल्या बेकार लोकांचा अभ्यास झाला आणि तो १९३३ साली प्रसिद्ध झाला; वाचायला हवा तेवढा वेळ हाती असूनही ग्रंथालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण तिथे जवळजवळ निम्म्यावर आले होते. तेव्हा हे तुझ्या आळसाचे लक्षण समजू नकोस. मी त्या दिवसांत सकाळी दहापर्यंत एक अर्ज किंवा एक फोन एवढेच बंधन घालून घेतले होते, आणि खरे सांगायचे तर तेही रोज पाळले नाही.

रविवारपर्यंत नवा बायोडेटा पाठव. गाडी परत फिरवल्याची ती रात्र त्यात असली पाहिजे, आणि त्या गाडीत किती पार्सले होती तो आकडाही. मी लाल शाई घेऊन बसतो. सुपरवायझरांनी काय सांगितले तेही कळव, आणि गुडघ्यांना शेक देतोस ना?

तुझा,
जुना मित्र