मृगाच्या आत संग्रहालय वरच्या मजल्यावर न्यायचंय, सांगलीकरांनो हातभार लावा

नमस्कार मंडळी,

गावभागातलं आपलं छोटं संग्रहालय ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीय की सगळे कागद, चोपड्या, फोटो खालच्या दोन खोल्यांत आहेत, आणि खालचा मजला म्हणजे आपल्याकडं काय ते सांगलीकराला सांगायला नको. 2005 ला पाणी आलं, 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं, 2021 ला परत 50 फूट ओलांडले. कोयनेतनं विसर्ग वाढवला अशी बातमी आली की आम्ही पहिल्यांदा घराकडं नाही, इकडं पळतो. पोरं रात्रभर गठ्ठे उचलून माळ्यावर टाकतात, घाईत कशाचं काय कुठं गेलं ते नंतर महिनाभर लागत नाही, आणि काही ना काही भिजतंच.

म्हणून कमिटीनं यंदा ठरवलंय की दरवर्षीची ही पळापळ बंद, मृग लागायच्या आत सगळं कायमचं वर न्यायचं. वरची खोली मोठी आहे पण पत्रा गळतो, वायरिंग जुनं झालंय, आणि लाकडी कपाटांना वाळवी लागलीय त्यामुळं लोखंडी रॅकच पाहिजेत. पत्रा, वायरिंग, रॅक, कागद ठेवायचे चांगले बॉक्स आणि एक स्कॅनर असा खर्च आहे. तिन्ही कोटेशनं ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लावलीत, कुणीही येऊन वाचावीत, शंका असेल तर विचारावं.

एवढा आटापिटा कशासाठी असं कुणी विचारलं तर मी त्याला हळदीच्या चोपड्या दाखवतो. गणपती पेठेतल्या जुन्या अडतीतनं आलेल्या रोजमेळ आणि खतावण्या आहेत, त्यात हरिपूर-सांगलीवाडीच्या पेवांचे हिशोब आहेत, कुणाची किती पोती कुठल्या पेवात पडली, कधी काढली. आता पोरांना पेव म्हणजे काय तेच माहीत नाही. जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंड अरुंद आणि आत घेर मोठा, तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा कोंडलेली असते, जीव जायचा, म्हणून तोंड उघडं ठेवून वाट बघायची आणि मगच माणूस उतरायचा. 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, बरीचशी कायमची बाद झाली, आणि माल गोडाऊन-कोल्ड स्टोरेजला गेला. म्हणजे सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण ती हळद ज्यात राहायची ती पेवं आता या चोपड्यांत आणि काही म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यातच उरलीत. त्या चोपड्या भिजल्या तर परत कुठनं आणायच्या?

बाकी पण पुष्कळ आहे, संस्थानच्या वेळचे मोडी लिपीतले कागद, नाटकांच्या जाहिराती (1843 ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते याच गावात, तेव्हा त्या आपल्याकडं नसत्या तरच नवल), आणि 'दक्षिण सातारा जिल्हा' असा शिक्का असलेले सरकारी कागद. 1949 ते 1960 आपल्या जिल्ह्याचं नाव तेच होतं, गेल्या महिन्यात शाळेची पोरं आली होती ती या शिक्क्यापुढनं हलेनात.

पैशाइतकंच दुसरं एक मागणं आहे. पूर ओसरला की आपल्या गल्ल्यांत चिखलाने भरलेल्या अल्बमांचे, दस्तांचे ढीग पडतात आणि कचऱ्याच्या गाडीतनं जातात, मला ते बघवत नाही. तुमच्या घरी जुने फोटो, पत्रं, मोडी कागद, लग्नपत्रिका, दुकानाच्या वह्या असतील तर मे महिन्यातल्या कुठल्याही रविवारी सकाळी 10 ते 1 मध्ये घेऊन या. आम्हाला द्यायची गरज नाही, तुमच्यासमोर स्कॅन करू, मूळ वस्तू लगेच परत, आणि कॉपी तुमच्या पेनड्राइव्हवर. फोटोत कोण आहे ते माहीत असणारं घरातलं वडीलधारं माणूस सोबत आलं तर फारच चांगलं, नावं नसलेला फोटो पुढच्या पिढीला मुका असतो. वाळवा, पलूस, खानापूर भागात पत्री सरकारच्या (क्रांतिसिंह नाना पाटलांचं इंग्रजांविरुद्धचं प्रतिसरकार) वेळच्या आठवणी ज्यांच्या घरात सांगितल्या जातात त्यांनी पण यावं, रेकॉर्ड करून ठेवू. पेवात काम केलेली माणसं कुणाला माहीत असतील तर आम्हीच त्यांच्या घरी येतो.

आणि कृपा करून जुने कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, कडक उन्हात वाळवू नका. भिजलेले फोटो चिकटले तर ओढून सोडवू नका. भिजलेला गठ्ठा लगेच सुटा करायला जमत नसेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा, दोनेक दिवसांत बुरशी धरते ती तिथं थांबते, मग सावकाश आमच्याकडं आणा.

मोडी वाचता येणारे लोक तर हवेतच, आठवड्यातनं एक तास दिला तरी चालेल. कॉलेजच्या पोरापोरींनी सुट्टीत यादी टाइप करायला यावं, चहा-नाष्टा संग्रहालयाकडनं. सुतार, वायरमन, पत्र्याचं काम करणाऱ्यांनी एखादा दिवस मजुरी सोडली तर तीही देणगीच, तिची पण पावती फाडू.

पैसे रोख द्या नाहीतर काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन करा, 50 रुपये असले तरी पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. जमाखर्च दर महिन्याला त्याच फळ्यावर लागेल. सामान वर न्यायचं काम मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी 7 ला सुरू करतोय, येताना जुनं धुतलेलं सुती कापड असेल तर आणा, चोपड्या गुंडाळायला लागतंय.