मंगळाची फेरी ६८७ दिवसांची, गाठ ७८० दिवसांनी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘मंगळ दर ६८७ दिवसांनी पृथ्वीजवळ येतो’ असे आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचले. ६८७ दिवसांत मंगळाची सूर्याभोवती एक फेरी होते, हे खरे. पण तो मूळ जागी परततो तेव्हा पृथ्वी तिथे त्याची वाट पाहत थांबलेली नसते. ती दिवसाला सरासरी ०.९८६ अंश सरकते, मंगळ ०.५२४. रोजची आघाडी जेमतेम ०.४६ अंशाची. एवढ्या तुटपुंज्या आघाडीवर एक अख्खा वळसा जास्तीचा मारून त्याला पुन्हा गाठायला सरासरी ७८० दिवस जातात.

मी निवृत्त हिशेबनीस. कोऱ्या राहिलेल्या एका रोजकीर्दीत मंगळाच्या प्रतियुतीच्या, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि मंगळ यांच्या मध्ये येऊन त्याला गाठते त्या दिवसांच्या, तारखा टिपतो. भारतीय वेळेनुसार २७ जुलै २०१८, १४ ऑक्टोबर २०२०, ८ डिसेंबर २०२२, १६ जानेवारी २०२५. मधले दिवस ८१०, ७८५, ७७०. वजाबाकी तीनदा तपासली. (घरच्यांच्या मते हा माझा जुना रोग.) चूक नव्हती. मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. सूर्याजवळच्या भागात तो वेगाने पळतो, म्हणून गाठायला जास्त दिवस लागतात. दूरच्या भागात रेंगाळतो आणि लवकर सापडतो. २०१८ साली तो ५.७६ कोटी किलोमीटरपर्यंत आला होता, २०२५ मध्ये ९.६ कोटींवरच राहिला, तेही यामुळेच.

त्याच मजकुरात ‘वक्री मंगळ उलटा फिरू लागतो’ असेही छापले आहे. डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात पुष्याजवळ मंगळ थबकलेला मी पाहिला. मग तो मागे मागे सरकत जानेवारीत पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपाशी आला आणि फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा मार्गी झाला. या सगळ्या काळात सूर्याभोवती त्याची चाल सरळच होती. आपण आतल्या, आखूड वाटेने त्याच्या पुढे निघालो, त्यामुळे त्याच्याकडे पाहण्याची आपली रेषा मागच्या ताऱ्यांवरून उलटी फिरली, एवढेच. मागे गेला तो ताऱ्यांच्या पडद्यावर, कक्षेत नव्हे.

पुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ रोजी, मघाजवळ. म्हणजे ७६४ दिवसांनी. त्या वेळी पुरवणीत ६८७ छापू नये, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक