सूचना : सोमवारपासूनचा दुपारचा डबा

सर्व पालकांना नमस्कार. सोमवारपासून आपल्या कोथरूडच्या पाळणाघरात मुलं दुपारी इथेच जेवतील, म्हणून डब्याबद्दल थोडं.

डबा छोटाच द्या. दीड-दोन वर्षांच्या पोराला अर्धी-पाऊण वाटी मेतकूट-तूपभात किंवा मुगाची मऊ खिचडी पुरते. मोठ्यांच्या मापाने भरलेला डबा तसाच परत येतो आणि मग आम्हाला फोन! नाचणीचं घावन, पालक घातलेलं मऊ थालीपीठ, वरणात कुस्करलेली पोळी, काहीही चालेल. सोबत लिंबाची फोड ठेवा. डाळी-पालेभाजीतलं लोह अंगी लागायला तिची मदत होते. गाजर-बीट वाफवूनच.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न अजिबात नकोत, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून चार भाग करून द्या. दाण्याचं बारीक कूट चालेल, पण कुणाला ॲलर्जी असेल तर आधी ताईंना कळवा.

सकाळी उशिरा दूध-बिस्किटं देऊ नका, भूक मरते. आणि डब्यावर नाव घाला हो, मागच्या आठवड्यात खाऊचे तीन डबे हुबेहूब सारखे निघाले.