मोफत साधन निवडताना परतीची वाट तपासावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संगणकावर आणि मोबाइलवर मोफत मिळणाऱ्या साधनांची ओळख करून देणारा मजकूर हल्ली बहुतेक मराठी दैनिकांत येतो आणि माझ्यासारख्या सामान्य वापरकर्त्यांना त्याचा उपयोगही होतो. नौपाड्यातील चोवीस सदनिकांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची मी सचिव आहे. देखभाल शुल्काची बिले, सभेच्या सूचना, इतिवृत्ते आणि सभासदांची कागदपत्रे हे सारे आम्ही गेली सहा वर्षे मोफत साधनांवरच सांभाळत आलो आहोत, कारण एवढ्या लहान संस्थेला दरवर्षी भाडे भरून सॉफ्टवेअर घेणे परवडत नाही. या काळात बरेच काही वापरून पाहिले आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले. साधन काय काय करू शकते हे पाहण्याच्या आधी, त्यात भरलेली माहिती पुन्हा वापरता येईल अशा रूपात बाहेर काढता येते का, हे पाहिले पाहिजे. ओळख करून देणाऱ्या मजकुरात नेमके हेच क्वचित लिहिलेले असते.

सुरुवातीला आमचा हिशेब एका संकेतस्थळावर होता. नोंदणीला पैसे लागत नव्हते, बिले आपोआप तयार होत आणि थकबाकीदारांना आठवणीचा संदेश जाई. दोन वर्षांनी मोफत योजना बंद होत असल्याची सूचना आली आणि तीस दिवसांची मुदत मिळाली. माहिती उतरवून घेण्याची सोय होती, परंतु हाती आली ती प्रत्येक बिलाची वेगळी पीडीएफ, म्हणजे चोवीस सदनिकांची चोवीस महिन्यांची मिळून ५७६ बिले, ज्यांतील एकाही आकड्याची संगणकाला बेरीज करता येत नव्हती. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची होती आणि लेखापरीक्षण तोंडावर आले होते, त्यामुळे खजिनदार आणि मी दोन आठवडे रोज संध्याकाळी बसून ते आकडे हाताने भरले. त्या कंपनीने आम्हाला फसवले असे मी म्हणणार नाही, कारण अटींत सर्व काही लिहिलेले होते. आम्ही त्या अटी वाचताना नेमका प्रश्न विचारला नव्हता. सेवा बंद होणे यात नवल काहीच नाही. अनेक संकेतस्थळांवरील नवा मजकूर एकाच जागी वाचायला देणारी गूगल रीडर ही मोठ्या कंपनीची सेवादेखील १ जुलै २०१३ रोजी बंद झाली, मात्र तेव्हा वाचकांना आपण वाचत असलेल्या संकेतस्थळांची यादी उतरवून घेऊन दुसरीकडे नेता आली. फरक पडतो तो एवढ्याच गोष्टीने.

मराठी मजकुराच्या बाबतीत ही अडचण अधिक खोल आहे. आमच्या संस्थेची २००३ ते २०११ या काळातील इतिवृत्ते त्या वेळी प्रचलित असलेल्या एका मराठी फाँटमध्ये टंकलेली आहेत. अशा फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की ओळीच्या ओळी रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. प्रत्येक लिपीतील अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीमध्ये देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, तरी आपल्या कार्यालयांतून आणि छापखान्यांतून जुने फाँट पुढे बरीच वर्षे चालत राहिले. जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी तीन मोफत साधने मी वापरून पाहिली. सरळ वाक्ये बऱ्यापैकी उतरतात, परंतु वेलांट्या आणि रफार जागा सोडतात. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी टंकली जाई, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, आणि रफाराचे बरोबर याच्या उलट आहे, हे कळल्यावर चुका कुठे शोधायच्या ते समजू लागले. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ अशा शब्दांतील र तर तिन्ही साधनांत बिघडला. सदनिका हस्तांतरणाच्या ठरावात सभासदाचे आडनाव चुकले तर ती किरकोळ चूक राहत नाही. त्यामुळे प्रत्येक पान सही-शिक्क्याच्या मूळ कागदाशी ताडून पाहावे लागत आहे. हे काम अजून संपलेले नाही. नऊ वर्षांपूर्वी ज्यांनी ते हाती घ्यायला हवे होते त्यांच्यात मीही होते, ही खंत मला आहे.

इंग्रजीत ‘फ्री’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरावा लागतो. मराठीने आपल्याला दोन शब्द दिले आहेत आणि ते आपण नीट वापरले पाहिजेत. ज्याला पैसे पडत नाहीत ते मोफत. ज्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, कोणालाही पाहता, बदलता आणि इतरांना देता येतो ते मुक्त. अमेरिकी प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये संगणकाची संपूर्ण मुक्त प्रणाली तयार करण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तो या दुसऱ्या अर्थाने. आमचे रोजचे काम आता लिबरऑफिस या पत्रे आणि हिशेबाचे तक्ते करण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालते, जे २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झाले आणि ज्याचा कारभार बर्लिनमध्ये नोंदलेली द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था पाहते. त्याच्या फायली ज्या ओपन डॉक्युमेंट स्वरूपात जतन होतात, त्याला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. त्या स्वरूपाची संपूर्ण रचना उघड असल्यामुळे उद्या हे सॉफ्टवेअर राहिले नाही तरी आमची बिले दुसऱ्या कशात तरी उघडतील. पहिले काही दिवस मात्र त्रासाचे गेले. मजकुराच्या शैलीत देवनागरीचा फाँट आणि आकार रोमन अक्षरांपासून वेगळा, ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या नावाखाली ठरवावा लागतो, आणि हे कोणी सांगितले नाही तर माणूस मराठी नीट दिसत नाही म्हणून कंटाळून ते सोडून देतो. मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की काही फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श उमटतात, हेही मला सहा महिन्यांनी समजले. लेखापरीक्षकांकडून येणाऱ्या वर्डच्या फायलींतील तक्ते अजूनही कधी कधी सरकतात.

मुक्त हा शब्द वाचूनही निश्चिंत होऊ नये. दूरस्थ सभांसाठी आम्ही वापरलेले जित्सी मीट हे व्हिडिओवरून सभा घेण्याचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच्या सार्वजनिक सर्व्हरवर, म्हणजे ही सेवा सर्वांसाठी चालवणाऱ्या संगणकावर, पूर्वी कोणालाही खात्याशिवाय सभा सुरू करता येई. २०२३ पासून सभा सुरू करणाऱ्याला तेथे खात्याने प्रवेश करावा लागतो. सॉफ्टवेअर तेच राहिले, पण सर्व्हर चालवणाऱ्याने नियम बदलला, आणि तो त्याचा अधिकारच आहे.

सर्वांत काळजीची बाब म्हणजे आपण दुसऱ्याची कागदपत्रे कुठेही चढवतो. हस्तांतरणाच्या प्रकरणात आधार, पॅन आणि करारनामा एका पीडीएफमध्ये जोडून पाठवायचे असतात, आणि घाईच्या वेळी आपण शोधात सर्वांत वर आलेले संकेतस्थळ उघडतो. आमच्या समितीतही हे घडले आहे. ती कागदपत्रे ज्या सभासदाची होती त्याला विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. हेच काम पीडीएफसॅम बेसिक या मुक्त सॉफ्टवेअरने आपल्याच संगणकावर, फाइल बाहेर न पाठवता होते. एखादे संकेतस्थळ ‘फाइल तुमच्याच संगणकावर राहते’ असा दावा करत असेल तर एक साधी परीक्षा आहे: पान उघडल्यावर इंटरनेट बंद करावे आणि कोऱ्या कागदाची पीडीएफ देऊन काम होते का ते पाहावे. आधारच्या बाबतीत तर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरूनच शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकलेली प्रत उतरवून घेता येते, आणि संस्थांनी सभासदांकडे तीच मागावी.

आपल्याला माझी विनंती अशी आहे की, साधनांची ओळख करून देणारे लिखाण निदान तीन महिने ते साधन स्वतः वापरलेल्या माणसाकडून घ्यावे, आणि त्यात मराठी कशी उमटते, फाइल कोणत्या स्वरूपात बाहेर येते आणि सर्व्हर कोणाचा आहे, हे प्रत्येक वेळी लिहिलेले असावे. दहा नावांच्या यादीपेक्षा एका साधनाचा असा वृत्तान्त आम्हाला अधिक उपयोगी पडेल. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, वाचनाची सवय असलेली मंडळी आहेत आणि निवृत्तीनंतर संस्थांचा कारभार सांभाळणारे असंख्य लोक आहेत. महिन्यातून एक दुपार ग्रंथालयांनी अशा अनुभवांसाठी आपली जागा दिली, तर शेजारच्या इमारतीने केलेली चूक आपल्याला पुन्हा करावी लागणार नाही.

जुनी इतिवृत्ते ताडून पाहताना रूपांतरात कोणते शब्द हमखास बिघडतात, याची एक यादी मी करत आले आहे. ती आता चार पानांची झाली आहे. ज्या संस्थांना हे काम करायचे आहे त्यांनी आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयामार्फत कळवल्यास ती यादी मी पाठवीन.

– एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सचिव, नौपाडा, ठाणे पश्चिम