मूल पळवल्याच्या खटल्यांना मुदत हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून लागला की अमेरिका-इंग्लंडातली नातवंडे सुटीला पुण्यात येतात. त्यांतली काही परत जात नाहीत. परतीच्या तिकिटाची तारीख उलटते, फोन उचलणे बंद होते आणि तिकडे राहिलेले आई किंवा वडील आमच्यासारख्या वकिलांचे नंबर शोधू लागतात. पोलिस ठाण्यात बहुधा एकच उत्तर मिळते, ‘घरगुती मामला आहे, कोर्टात जा.’ त्यात पोलिसांची फारशी चूक नाही. आई-वडील दोघेही मुलाचे पालक. कोर्टाचा आदेश मोडलेला नसेल तर अपहरणाचा गुन्हा सहसा उभा राहत नाही. उरतो तो दिवाणी मार्ग.

हा मार्ग आहे, हे हातपाय गाळून बसलेल्यांसाठी मुद्दाम लिहिते. उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा अशी, याचिका करता येते. कौटुंबिक न्यायालयात 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली ताबा मागता येतो. मात्र त्या कायद्याच्या कलम 9 प्रमाणे मूल जिथे सामान्यपणे राहते तिथल्याच कोर्टाला अधिकार. मग मूल राहते कुठे, न्यू जर्सीत की कोथरूडला, यावरच महिनेच्या महिने जातात. परदेशी कोर्टाचा ताब्याचा आदेश हातात असला तरी तो इथे आपोआप लागू होत नाही. तो विचारात घ्यायचा एक मुद्दा, निर्णय मुलाचे हित पाहूनच, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले. तत्त्व म्हणून ते मला पूर्ण मान्य आहे. दुखणे आहे ते वेळेचे.

मूल आणणाऱ्या पक्षकाराकडून पहिल्या भेटीत कोणते कागद मागवले जातात, हे वाचकांना कळले पाहिजे. इथल्या शाळेचा बोनाफाईड दाखला, बालरोगतज्ज्ञाचे कार्ड, स्केटिंगच्या क्लासची पावती, आजी-आजोबांसोबतचे फोटो. मूल इथे रुळले, हे दाखवायचे असते. दर तारखेला ही फाईल जाड होत जाते. दुसऱ्या पालकाच्या वाट्याला येतो व्हिडिओ कॉल, तोही समोरच्याने उचलला तर. पाच-सहा वर्षांचे मूल दोन पावसाळ्यांत वडिलांशी बोलतानासुद्धा आधी आजीच्या तोंडाकडे बघू लागते.

सर्वोच्च न्यायालयाचेच दोन निकाल घ्या. 1986 मध्ये एका वडिलांनी अमेरिकेतून मुलगा पुण्याला आजी-आजोबांकडे आणला. त्याच वर्षी निकाल लागला आणि मुलगा अमेरिकन आईकडे परत गेला. दुसऱ्या प्रकरणात आईने 1984 मध्ये तान्हे बाळ भारतात आणले. निकाल लागला 1997 मध्ये. बारा वर्षांहून अधिक काळ इथे वाढलेल्या मुलाला हलवणे कोर्टाला योग्य वाटले नाही, आणि तेव्हा ते बरोबरच होते. पण अशा वेळी निकालाचे निम्मे काम कॅलेंडरच करते.

एका देशातून दुसऱ्या देशात नेलेल्या मुलांबाबतचा 1980 चा आंतरराष्ट्रीय हेग करार वेळेच्या याच दुखण्यावर बेतला आहे. सोळा वर्षांखालचे मूल चुकीच्या रीतीने नेले आणि वर्षाच्या आत अर्ज आला, तर त्याला तातडीने मूळ देशात परत पाठवायचे. सहा आठवड्यांत निर्णय झाला नाही तर विलंबाचे कारण विचारता येते. ताबा कोणाला द्यायचा हे तो करार ठरवत नाही, फक्त ते कोणत्या देशातले कोर्ट ठरवेल एवढेच. जपान, श्रीलंका, पाकिस्तान त्यात आहेत. भारत नाही. विधी आयोगाने 2009 मध्ये सामील व्हा म्हणून सांगितले, 2016 मध्ये विधेयकाचा मसुदाही तपासून दिला. 2018 मध्ये न्या. राजेश बिंदल समितीने स्वतंत्र प्राधिकरण सुचवले. पुढे काही हलले नाही.

करारात गेलो तर छळाला कंटाळून माहेरी परतलेल्या आयांनाच फटका बसेल, हा सरकारचा आक्षेप मी हलका मानत नाही. परदेशात मारहाण सोसून, नवऱ्याच्या व्हिसावर, नोकरी नाही, हातात पैसा नाही, अशा अवस्थेत मूल घेऊन माहेरी आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना अपहरणकर्ती म्हणणे मला कधीच मान्य होणार नाही. करारात गंभीर धोक्याचा अपवाद आहे, पण तो सिद्ध करण्याचा भार तिच्यावरच पडतो. म्हणून आपल्या कायद्यात कौटुंबिक हिंसाचार हा गंभीर धोका असल्याचे स्पष्ट लिहावे, आणि मूल परत पाठवण्याआधी आईचे घर, खर्च, वकील आणि तिच्यावरच्या फौजदारी तक्रारीची माघार या गोष्टी तिकडच्या कोर्टात नोंदवून घ्याव्यात. नुसत्या हमीवर विसंबू नये. 2020 मध्ये केनियातल्या कोर्टाचा तसा आदेश घेऊन मूल वडिलांकडे सोपवले गेले. वडिलांनी अटी पाळल्या नाहीत आणि पुढल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाला स्वतःचा निकाल मागे घ्यावा लागला. मूल तोवर भारताबाहेर गेले होते.

पण आक्षेप खरा आहे म्हणून कायदाच करायचा नाही, हे कसे चालेल? पळून आलेल्या आईलाही वर्षानुवर्षे टांगती तलवार नको असते. प्रत्येक उच्च न्यायालयात या प्रकरणांसाठी ठराविक खंडपीठ आणि ठराविक मुदत, एवढे तरी संसदेने द्यावे.

तोवर ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनी नातेवाइकांच्या समेटाच्या निरोपांवर महिने घालवू नयेत. तिकडच्या आणि इथल्या, दोन्ही कोर्टांत लगेच अर्ज करावा. पहिल्याच तारखेला मुलाचा पासपोर्ट कोर्टात जमा करण्याची आणि रोजच्या व्हिडिओ कॉलची मागणी करावी. पालक वेगवेगळ्या देशांत असतील तर मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलू द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच म्हटलेले आहे.

आपली,
एक वकील, शिवाजीनगर, पुणे