बाकीचे १५६ तास

नाशिक, रविवार

चि. सोनूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू म्हणालीस, "आई, डायलिसिस युनिटची इन्चार्ज झाले आणि माझं नर्सिंगच संपलं. दिवसभर फोन, रजिस्टर आणि ड्युटी लिस्ट. पेशंटला हात लावायलाही वेळ मिळत नाही." तुझा आवाज रडवेला झाला होता. तेव्हा मी गप्प राहिले, कारण तुझे बाबा जेवायचे थांबले होते आणि हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. आज आमचंही डायलिसिस युनिट बंद आहे, म्हणून निवांत लिहायला बसले.

एक हिशेब कर. आठवड्याचे तास १६८. किडनी निकामी झालेला आपला पेशंट तीनदा येतो, दर खेपेला चार तास रक्त साफ करणाऱ्या मशीनवर असतो. झाले १२. दोनदाच येणाऱ्याचे तर आठच. सुया लावणं, बीपी बघणं, रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देणं ही त्या १२ तासांची कामं, आणि तुझ्या हाताखालच्या मुली आणि टेक्निशियन ती नीट करतात. उरलेले १५६ तास पेशंट घरी असतो, मळ्यात असतो, एसटीत असतो. ते तास कोणी बघायचे? माझ्या मते इन्चार्ज सिस्टरने. आणि तिथवर पोचायला आपल्याकडे तो फोन आणि ते रजिस्टरच आहे.

मला हे कुणी शिकवलं नाही. माझ्या हातून चूक झाली तेव्हा समजलं. तुला आजवर सांगितलं नव्हतं.

२०१३ चा पावसाळा. मी नुकतीच इन्चार्ज झाले होते. पेठकडचे एक काका सावळघाट उतरून-चढून एसटीने यायचे, सोमवार-बुधवार-शुक्रवार. एका सोमवारी आले नाहीत. मी रजिस्टरमध्ये लाल पेनाने 'गैरहजर' लिहिलं आणि त्यांच्या जागी दुसरा पेशंट लावला. बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी पहाटे त्यांना जीपमधून आणलं. आडवं होता येत नव्हतं, तोंडाला फेस, छातीत पाणी भरलेलं. कॅज्युअल्टीतून थेट मशीनवर घेतलं आणि वाचले. नंतर हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, भाताची लावणी चालली होती. सोबत यायला कुणी मोकळं नव्हतं." त्यांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर फोन नंबर होता. मी तो लावला नव्हता. दोन दिवस मी एक शब्द लिहीत होते आणि माझं काम झालं असं समजत होते. काका त्यानंतर चार वर्षं येत राहिले. मी मात्र तो लाल पेन पुन्हा वापरला नाही.

तेव्हापासून शिफ्ट सुरू झाल्यावर अर्ध्या तासात न आलेल्याला फोन जातो. प्रत्येकाचे दोन नंबर घेते, एक घरचा, एक शेजाऱ्याचा. दोन्ही लागले नाहीत तर गावातल्या आशाताईंचा. शनिवारी न आलेल्याला तर मी सोमवारपर्यंत सोडतच नाही, कारण मधला रविवार धरून अंतर फार लांबतं आणि रक्तात साठत जाणारं पोटॅशियम वाट बघत नाही. तूही आधी हेच सुरू कर.

खाण्यापिण्याचं बोलताना नुसतं "पाणी कमी प्या" म्हणू नकोस. ठेचा, पापड, लोणचं खाल्लेल्या माणसाला तहान लागणारच. आधी मीठ विचार, मग पाणी. दोन खेपांमध्ये अंगात पाणी साठून साडेतीन-चार किलो वजन वाढवून येणाऱ्याला रागावून उपयोग नसतो. त्याच्या घरात स्वयंपाक कोण करतं ते शोध आणि तिच्याशी बोल. उपवासांवर लक्ष ठेव. आषाढी एकादशीला रताळं, बटाटा, शेंगदाणे, वर नारळपाणी, सगळं पोटॅशियमचं, आणि दुसऱ्या दिवशी पेशंट म्हणतो, "मी तर काहीच खाल्लं नाही." म्हणून एकादशीच्या आधीच्या खेपेला मी प्रत्येक खुर्चीपाशी जाऊन सांगते. श्रद्धेला हात लावायचा नाही, ताटात काय असावं तेवढं सांगायचं. द्राक्षांच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या लोकांना द्राक्षं बंद म्हटलं तर ते ऐकणार नाहीत, म्हणून मोजून दहा-बारा म्हणते. मनुका मात्र नाहीतच.

फिस्टुलाचंही, म्हणजे सुया लावण्यासाठी हातावर ऑपरेशनने जोडलेल्या रक्तवाहिनीचंही, तसंच. सकाळी उठल्याबरोबर हातावर बोटं ठेवून गुरगुर लागते का बघायचं, थांबली तर तारखेची वाट न बघता त्याच क्षणी फोन करायचा, हे पेशंटला तर शिकवायचंच, घरच्या एका माणसालाही. दिंडोरीच्या एक मावशी आहेत, द्राक्षाच्या मण्यांची विरळणी करायला जायच्या. त्या फिस्टुलाच्या हातावर क्रेट उचलायच्या. मी त्यांच्या मुकादमाशी बोलले, मावशींना बसून करायचं काम मिळालं. हा फोन कुठल्याच जॉब चार्टमध्ये नव्हता.

पाण्याचंही तूच बघ, टेक्निशियनवर सोडू नकोस. मिनिटाला ५०० मिली धरलं तर एका पेशंटच्या चार तासांना १२० लिटर आरओचं पाणी जातं. पहिली शिफ्ट लावायच्या आधी क्लोरीन तपासल्याची सही स्वतः बघ, कारण क्लोरीनचंच भावंड असलेलं क्लोरामाइन पाण्यात राहिलं तर रक्तपेशी फुटतात. महापालिकेने पाणी बंदची सूचना दिली की त्याच दिवशी टँकरचं बोल. मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेची मंजुरी कोणाची कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला आठवडाभर आधी सांग. पेशंट दारात उभा असताना हे कळता कामा नये.

२०१५ चा सिंहस्थ आठवतो? तू दहावीला होतीस आणि मी महिनाभर घरात नव्हतेच म्हणून रुसली होतीस. शाही स्नानं २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला होती. १३ ला रविवार, तो प्रश्न सुटला. पण २९ ला शनिवार आणि १८ ला शुक्रवार. रस्ते बंद, बस शहराबाहेरच थांबणार. जुलैतच आम्ही एकेका पेशंटचं नाव घेऊन बसलो. कोणाला आदल्या रात्री चौथी शिफ्ट, कोणाला सिडकोतल्या नातेवाइकाकडे मुक्काम. त्या तिन्ही दिवसांत कोणाची खेप चुकली नाही. मी एकही सुई लावली नव्हती, सोनू, पण माझ्या नोकरीत याहून चांगलं नर्सिंग मी केलेलं नाही. आता २०२७ चा सिंहस्थ येतोय, पुन्हा तेच कॅलेंडर काढलं आहे.

आता तुझ्याकडे एक काम. त्याच दिंडोरीच्या मावशी नातीच्या बारशाला पुण्याला येताहेत, तुझ्या युनिटपासून जवळच. येत्या मंगळवारी आणि गुरुवारी त्यांना सकाळची पहिली शिफ्ट दे. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, ४६ किलो. फिस्टुला डाव्या हाताला, त्या हातावर बीपी घेऊ नकोस. हिपॅटायटिस आणि एचआयव्हीचे रिपोर्ट, शेवटच्या तीन खेपांचे चार्ट आणि हेपारिनचा डोस फाइलमध्ये घालून दिलाय. तिसऱ्या तासाला त्यांचं बीपी पडतं, म्हणून मशीनवर जेवू देऊ नकोस, कितीही भूक लागली म्हणाल्या तरी. बारशाच्या जेवणाचं मी त्यांच्या मुलीशी बोलले आहे, तरी गुरुवारी वजन बघ.

मंगळवारी साडेसातपर्यंत त्या आल्या नाहीत तर मुलीला फोन कर, मग मला कर.

तुझी,
आई