आपल्या न्हाणीघराचा नवा रंग

दि. ४ जानेवारी

तीर्थस्वरूप आई व बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

दादा उद्या सकाळी अमरावतीला परत निघतो आहे. त्याच्याजवळ ओल्या तुरीच्या शेंगा, नव्या ज्वारीचे पीठ आणि हे पत्र देते आहे. ‘घरी थोडी डागडुजी काढली आहे’ एवढेच मी आजवर तुम्हाला फोनवर सांगितले होते, कारण अधिक बोलू लागले की आई खर्च विचारते आणि बाबा ‘एवढा त्रास कशाला’ म्हणतात, व खरे सांगायचे ते राहूनच जाते. म्हणून सविस्तर लिहिते आहे. आई, बाबांना हे सावकाश वाचून दाखव.

मी आपले न्हाणीघर रंगवले. ड्रिल मशीनचे आणि विजेचे काम सोडले, तर भिंत खरवडण्यापासून कागद चिकटवण्यापर्यंत सगळे शाळा सुटल्यावर आणि रविवारी माझ्या हाताने केले. बाबा, श्रावणात तुम्ही रात्री उठला होता आणि उंबरठ्यापलीकडची तीन इंचांची उतरण न दिसल्यामुळे तुमचा तोल गेला होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही सहज म्हणालात, की आत सगळे पांढरेच पांढरे आहे, भिंत कुठे संपते आणि कमोड कुठे सुरू होतो हेच कळत नाही. ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. स्वच्छ दिसावे म्हणून आपण सगळे पांढरे केले होते, आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला त्या पांढऱ्यात पांढरे शोधावे लागत होते. तुम्ही दोघे कार्तिकात दादाकडे गेलात, तेव्हाच मी ठरवले होते, की तुम्ही परत याल तेव्हा तुम्हाला तिथली प्रत्येक वस्तू पहिल्या नजरेत वेगळी दिसली पाहिजे.

रंगापेक्षा भिंतीनेच अधिक दिवस घेतले. पूर्णा नदीच्या या खारपाण पट्ट्यात जमिनीतच खार आहे, विहिरीला आणि बोअरला पाणी खारट लागते, आणि जुन्या घरांच्या पायातून ओल वर चढते तेव्हा तो खारही सोबत चढतो. पाणी उडून जाते आणि खार छपाईच्या, म्हणजे गिलाव्याच्या, तोंडाशी पांढऱ्या बुरशीसारखा फुटतो. आपल्या टाकीकडच्या भिंतीचे पोपडे दर वर्षी पडत होते ते त्यामुळेच, आणि दोन वर्षांपूर्वी ओल्या भिंतीवरच दिलेला रंग सहा महिने टिकला नाही त्याचेही कारण तेच. या वेळी मी सगळा सुटा थर पत्रीने खरवडून काढला, फुटलेला खार कोरड्या ब्रशने झाडून सुपात भरला आणि घराबाहेर नेऊन टाकला. तो पाण्याने धुवायचा नसतो, कारण पाण्यात विरघळून तो पुन्हा भिंतीतच मुरतो.

खरवडताना टाकीच्या पाइपाचा एक सांधा पाझरताना सापडला. तो बदलून घेतल्यावर मी भिंत तीन आठवडे उघडी ठेवली, दर रविवारी खार झाडला आणि तोवर अंगणातल्या जुन्या मोरीत आंघोळ केली. भिंत वाळली की नाही हे डोळ्याला कळत नाही, म्हणून खताच्या पोत्याच्या आतले प्लास्टिक फूटभर लांब-रुंद कापून चारही बाजूंनी टेपने घट्ट लावले आणि एक दिवस व एक रात्र तसेच ठेवले. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतली, आणि आपल्याकडच्या बाजूला धरले तर ती खोलीतली वाफ. पहिल्यांदा भिंतीकडे दव धरले होते. तिसऱ्या आठवड्यात प्लास्टिक कोरडे निघाले, त्या दिवशी मला जो आनंद झाला तो सगळे काम पूर्ण झाल्यावरही झाला नाही. पुट्टी कालवायला बोअरचे पाणी एक तांब्याभरही वापरले नाही. शहानूर धरणावरून येणारे नळाचे पाणी भरून ठेवले आणि तेच वापरले, कारण आपल्याच हाताने भिंतीत खार घालण्यात काही अर्थ नव्हता. काळ्या जमिनीच्या फुगण्या-आकसण्याने कोपऱ्यात पडलेली भेग मात्र पुट्टीने भरली नाही, कारण उन्हाळ्यात ती पुन्हा उघडली असती. तिच्यात रबरासारखे ताणले जाणारे सीलंट भरले आहे.

आता रंगाविषयी. मी सुरुवातीला फिकट बदामी ठरवला होता. बाबा, पहिल्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी तुम्ही फोनवर म्हणालात, ‘दादाकडची बादली केवढी निळी आहे, मला इतके दिवस ती करडी वाटत होती.’ तुमच्या आवाजात जे नवल होते ते मी फार दिवसांनी ऐकले. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. शस्त्रक्रियेत ते काढून त्या जागी स्वच्छ भिंग बसवतात, म्हणून अनेकांना निळा रंग नव्याने गवसल्यासारखा वाटतो. फोन ठेवल्यावर मी बदामी रंगाचा विचार सोडला. लहानपणी तुम्ही दर दसऱ्याला आम्हाला शेतात नेऊन तारेवर बसलेला नीलकंठ दाखवत असा, आणि तो उडाला की पंखाखालचा निळा झळकेपर्यंत आम्हाला हलू देत नसा. तोच निळा मला हवा होता. दर्यापूरच्या दुकानात रंगाच्या कार्डावरच्या चिठ्ठ्यांतून मी तीन छटा निवडल्या, घरी आणून कमोडमागच्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवले आणि दोन दिवस सकाळी, दुपारी व रात्री दिव्यात पाहिल्या. एक रात्री काळी दिसे, एक दुपारी भडक वाटे. तिसरी सर्व वेळी निळीच राहिली. तीच घेतली.

आई काय म्हणेल हे मला ठाऊक आहे. ‘काऊन व बाई, न्हाणीले कोनी येवढा गर्द रंग देते का?’ आई, मीही डबा उघडला तेव्हा क्षणभर थबकले होते. पण कमोडमागची सात फुटांची भिंत निळी झाली आणि पुढे पांढरा कमोड उभा राहिला, तेव्हा दारातून पाहताना त्याची कड न् कड वेगळी दिसली. गर्द रंग उजेड शोषून घेतो हे खरे आहे, म्हणून छत पांढरेच ठेवले आणि पाच वॉटचा बल्ब काढून नऊ वॉटचा लावला. त्यात बॅटरी आहे, त्यामुळे वीज गेली तरी तो काही वेळ जळत राहतो.

रंग देताना एक चूक झाली. खाली पांढरा प्रायमर दिला आणि वर निळ्याचे दोन हात मारले, तरी भिंत ढगाळ, डागाडागांची दिसत होती. दुकानदाराने कारण सांगितले, की गर्द छटेत पांढरे रंगद्रव्य फार थोडे असते, त्यामुळे खालचे झाकण्याची तिची ताकद कमी पडते, आणि अशा वेळी प्रायमरमध्येच थोडा तो रंग मिसळून घ्यायचा असतो. ते मला आधी ठाऊक नव्हते. तिसरा हात द्यावा लागला आणि एक लिटर रंग जास्त लागला. आधी ब्रशने कोपरे आणि कडा, मग लगेच रोलर, आणि भिंत अर्ध्यावर सोडून उठायचे नाही, एवढे पाळले की जोड दिसत नाहीत. हे काम हिवाळ्यात निघाले ते बरे झाले. आपल्या वैशाखात रंग ब्रशवरच वाळला असता.

आई, दारासमोरची कोठीकडची भिंत तुझ्यासाठी आहे. ती आतली भिंत आहे, तिला ओल नाही आणि आंघोळीचे पाणी तिथवर उडत नाही, म्हणून बेसिनच्या वर, जमिनीपासून चार फूट सोडून छतापर्यंत, मी भिंतीचा कागद लावला आहे. अमरावतीच्या दुकानात शंभरेक नमुने असतील. फुलांचे, विटांचे, संगमरवरासारखे. शेवटी एक कागद असा निघाला, की गर्द हिरव्या वेलींवर तळहाताएवढी पाने आहेत, टोकाला निमुळती आणि देठाशी हृदयासारखी. दुकानात त्याला काय नाव होते ते मी विचारलेही नाही, कारण मला अंजनगावचा आजोबांचा पानमळा दिसला. भर दुपारी बाहेर डोळे दिपत असताना त्या मळ्यात शिरले की कसा हिरवा अंधार असे, आणि पाने खुडताना तू आम्हाला वेलाला हात लावू देत नसायचीस, ते सगळे त्या एका गुंडाळीत होते. मळा मोडून आता वर्षे झाली. तू त्याविषयी फारसे बोलत नाहीस, पण विड्याचे पान हातात आले की पुसण्याआधी त्याचा वास घेतेस, हे मी पाहिले आहे.

गुंडाळी एकवीस इंच रुंद आणि तेहतीस फूट लांब असते. पाच फुटांच्या भिंतीला तीन पट्टे पुरले. पट्ट्यावरची पाने शेजारच्या पट्ट्याशी जुळावीत म्हणून प्रत्येक पट्टा फूटभर जास्त कापावा लागला, तरी दोन पट्टे उरले. ते तुझ्या लोखंडी पेटीत तळाशी ठेवले आहेत, पुढे कुठे फाटले तर उपयोगी पडतील. पहिला पट्टा कोपऱ्याच्या आधाराने लावायचा नसतो, कारण जुन्या घराचा एकही कोपरा सरळ नसतो. शेजारच्या मिस्त्रीकाकांकडून ओळंबा मागून आणला, दोरी स्थिर झाल्यावर पेन्सिलीने रेघ मारली आणि त्या रेघेला पट्टा लावला. मग मधून कडांकडे हात फिरवत हवा काढली. दुसऱ्या पट्ट्यावर एक बुडबुडा राहिला होता, तो सुईने टोचून बसवला.

तू विचारशील, की मैद्याची खळ घरात करता येत असताना विकतची का आणली. तान्ह्या पोळ्याच्या नंदीला रंगीत कागद चिकटवायला तू केलेल्या खळीइतकी चांगली खळ मी दुसरी पाहिलेली नाही. पण दमट जागेत मैद्याला बुरशी धरते आणि कसर लागते. म्हणून बुरशी न धरणारी सेल्युलोजची भुकटी आणली, पाण्यात भिजवली आणि तुझ्यासारखीच एका दिशेने ढवळली.

बाहेरच्या भिंतीचा टाइल्स नसलेला जो तीन फुटांचा तुकडा आहे, तिथे खालून खार पुन्हा येणार, हे मी मान्य केले आहे. पाया बदलल्याशिवाय तो थांबणार नाही. त्यावर प्लास्टिकसारखा बंद रंग दिला असता तर पुन्हा फोड आले असते, म्हणून खालचे दोन फूट चुन्याचे ठेवले. चुन्यातून भिंतीची ओल सहज बाहेर पडते. चुन्यात गेरू कालवून तीन हात दिले. ओला असताना तो विटेसारखा लाल दिसला आणि वाळल्यावर फिकट झाला, तरी निळ्याशेजारी शोभतो. दर दिवाळीला तू ओटा सारवतेस तसा त्यावर एक हात फिरवला की झाले, आणि तो हात मी फिरवीन. चुना डोळ्यात जाऊ नये म्हणून मी चष्मा लावला होता.

उंबरठ्याच्या कडेला चार इंचांचा पिवळा पट्टा दिला आहे. ओल्या ऑइल पेंटवर बारीक वाळू भुरभुरून तो वाळवला, त्यामुळे पाय घसरत नाही. कमोडशेजारी स्टीलचा दांडा बसवून घेतला आहे, बाबा, तुमच्या काठीच्या मुठीइतक्या उंचीवर. निळ्या भिंतीवर तो लांबून चमकतो.

आईला एक विनंती आहे. थंडीत तू झरोक्याला पुठ्ठा लावतेस, तो मी काढला आहे आणि जाळी बसवली आहे. वाफ बाहेर गेली नाही तर आधी कागद सुटेल. कागद घासू नकोस, ओल्या फडक्याने टिपून घे. न्हाणीघर नवे आहे म्हणून पुन्हा अंगणातल्या मोरीत भांडे-बादली घेऊन बसू नकोस.

शेवटचा हात देऊन दहा दिवस झाले, आता रंगाचा वास उरलेला नाही. संक्रांतीला तुम्ही दोन दिवस येणार आहात आणि बाबांच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्यानंतर आहे. बाबा, आल्यावर पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभे राहा. आधी डावा डोळा तळहाताने, न दाबता, झाका आणि भिंतीकडे बघा. मग उजवा झाका आणि बघा. दोन्ही वेळा निळा कसा दिसला ते मला सांगा. आईला तेवढ्या वेळ आपल्यासमोरून आत जाऊ द्या. तिची भिंत समोरच आहे.

तुमची धाकटी लेक